भाऊ लंडनला, आई अंथरुणावर

प्रश्न : आई ८२ वर्षांची. गोव्यात फोंड्याजवळच्या गावात आम्ही दोघीच राहतो. डॉक्टरांनी आता दिवस मोजायला सांगितलंय. लंडनहून भाऊ म्हणतो, ‘काही झालं तर मी येईपर्यंत थांबा.’ आई म्हणते, ‘मला शवागारात ठेवू नका, डोळे तेवढे द्या.’ त्यात पावसाळा. आधीच तयारी करणं अभद्र, असं शेजारीण सांगते. मी काय करू?

उत्तर : ताई, शेजारणीचं मनावर घेऊ नका. मी पंचायत सचिव होते. घरात मडं असताना आधार कार्ड शोधत कपाटं उपसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा अभद्र काय असतं?

आजच्या आज आईचं औषधपाणी बघणाऱ्या डॉक्टरांशी बोला. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, शेवटच्या आजारात ज्यांनी तपासलं तेच देतात. रात्री दोन वाजता ते येतील का? येणार नसतील तर दुसरं कोण? हे त्यांच्या तोंडून ऐकून ठेवा.

डोळ्यांचं काम सहा तासांच्या आत व्हावं लागतं. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, आत्ताच फोन करून घरी पथक येतं का, कुठल्या नंबरावर कळवायचं, ते विचारा आणि नंबर भिंतीवर चिकटवा. प्राण गेला की पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. एवढं तुम्हालाही जमेल.

आता भाऊ. थांबायचं तर बांबोळीचं किंवा मडगाव-म्हापशाच्या इस्पितळाचं शवागार, आणि आईला नेमकं तेच नको आहे. माझं मत विचाराल तर आईचं ऐका. पण निरोप तुम्ही सांगू नका, तिलाच व्हिडिओ कॉलवर बोलू द्या. नाहीतर तो जन्मभर तुम्हालाच बोल लावील. अग्नी तुम्ही द्या. कायद्याची आडकाठी नाही. भटजींची असेल तर आज कळू दे, दुसरे बघता येतील. अस्थी मात्र त्याच्यासाठी ठेवा. हरवळ्याला रुद्रेश्वराकडे विसर्जनाला दोघं मिळून जा. येणं फुकट गेलं असं त्याला वाटणार नाही.

पावसात खरी पंचाईत सरणाची. आपल्याकडे एकाच गावात वाड्यावाड्यांची स्मशानं वेगळी असतात. तुमचं कुठलं, छप्पर आहे का, सुकी लाकडं कोण देतो, हे पंचाला किंवा स्मशानाच्या समितीला विचारा. खांदा द्यायला माणसं कमी, तर शववाहिकेचा नंबरही घेऊन ठेवा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत गावच्या पंचायतीत करायची, मृत्यूदाखल्याची पहिली प्रत मोफत मिळते. आपल्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलायचे, त्यामुळे जन्माच्या नोंदीत एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच निघतं. आईची सगळी कागदपत्रं एका पिशवीत घाला, आणि दाखला हातात घेण्याआधी खिडकीवरच अक्षर न् अक्षर वाचा. बँक, पेन्शन, पुढे नोटरीकडचं वारसापत्र, सगळीकडे तोच लागतो. जादा प्रती तेव्हाच काढा. घराच्या वाटणीचा विषय मात्र तेराव्यापर्यंत काढू नका, भावाने काढला तरी.