समाजाचा आणि निसर्गाचा विचार करणाऱ्या उद्योजकांना भेटायला गाडीने कुठे जावं?

आठवडाभराची सुट्टी आहे, पुण्याहून गाडी काढायची आहे आणि समाजाचं, पर्यावरणाचं भान ठेवून धंदा उभा करणाऱ्यांना भेटायचंय, तर रस्ता कोणता, असं तुम्ही विचारलंय. मी भावाबरोबर असा प्रवास केला आहे: पाबळ, फलटण, म्हसवड, कोल्हापूर, फोंडा घाट, कुडाळ. रस्ता हाच घ्या. फक्त एक विनंती आहे. संस्थेच्या प्रमुखांसाठी तासभर ठेवा आणि उरलेला दिवस त्यांचं कर्ज किंवा त्यांची वस्तू वापरणाऱ्या माणसाकडे काढा.

आम्हाला हे म्हसवडला उमगलं. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी भाग. चेतना गाला सिन्हा यांनी 1997 साली इथे माणदेशी महिला बँक सुरू केली. रस्त्याकडेला राहून लोखंडकाम करणाऱ्या एका बाईला पैसे साठवायचे होते आणि कुठलीच बँक तिचं खातं उघडेना, तिथून ही कल्पना निघाली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला.

ही गोष्ट मी आधीच ऐकली होती. बाजाराच्या दिवशी पाटीवर मेथी घेऊन बसलेल्या एका मावशींनी जे सांगितलं, ते मात्र कुठेच ऐकलं नव्हतं. पूर्वी माल भरायला बाजारातल्याच सावकाराकडून पैसे उचलायच्या. "सकाळी नऊशे देत्यात, सांजच्याला हजार घेत्यात." मी मनातल्या मनात हिशोब केला. एका दिवसाचं व्याज अकरा टक्क्यांच्या वर! बँकेचं कर्ज मिळाल्यावर काय केलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, पहिल्यांदा तराजू घेतला. भाड्याचा तराजूही रोज पैसे खायचा. बँक म्हणजे नेमकं काय, ते मला त्या तराजूपाशी कळलं.

म्हसवडच्या आधी फलटणला थांबा. बी. व्ही. निंबकरांनी 1968 साली स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था तिथे आहे. सुंदरबनातल्या गरोळ जातीच्या मेंढीत जुळी होण्याचा जनुक असतो. तो दख्खनी मेंढीत आणून त्यांनी 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यामागे कित्येक वर्षांची पैदाशीची नोंदवही आहे. तिथून पुढे एखाद्या धनगराच्या वाड्यावर जाऊन विचारा की दोन कोकरं झाली तर आईचं दूध पुरतं का, उन्हाळ्यात चारा कुठून आणता. मेंढी त्याला परवडते की नाही, हे त्याच्याच तोंडून कळेल.

पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती करत करत शिकतात. अर्धा दिवस पुरतो. शक्य असेल तर तिथे शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाचं वर्कशॉप बघा.

कुडाळला मात्र दोन रात्री राहा. झारापला डॉ. प्रसाद देवधरांची भगीरथ प्रतिष्ठान ही संस्था घरोघरी बायोगॅस पोचवते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. एवढ्यात चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला शेणकाला, माडांना, भाजीला जाते. एका घरात वहिनींनी चहा ठेवला आणि निळी ज्योत दाखवत म्हणाल्या, "सिलिंडराची वाट बघूची लागणा नाय." पुढचं त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं: म्हैस विकली तर गॅस बंद. गावात गोठे रिकामे होत चाललेत, आणि पुढचा सगळा प्रश्न तिथेच अडतो. हे अहवाल वाचून मला कधीच कळलं नसतं.

कुडाळलाच कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे. कोकणातला माणगा जातीचा बांबू बिनकाट्याचा, भरीव, बांधकामाला उत्तम. तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला नाही, तर कीड आतून पोखरून त्याचं पीठ करते. गावातला बांबू स्वस्तात जायचा, त्याचं हे एक मोठं कारण. 2017 साली वन कायद्यात बदल होऊन वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला आणि बांधावरचा बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. बांबू लावलेल्या शेतकऱ्याला काठीमागे हातात काय पडतं, ते जरूर विचारा.

सगळीकडे आधी फोन करून जा आणि भेटीचं शुल्क असेल तर घासाघीस करू नका. तुमच्यासाठी त्यांच्या कामाचा दिवस मोडतो. सात दिवसांत याहून जास्त ठिकाणं घेऊ नका. पावसाळ्यात बांबूला नवे कोंब फुटतात, तेव्हा तोड बंद असते, म्हणून दिवाळीनंतर निघा. आणि म्हसवडला पोचायचा दिवस बाजाराचा वार विचारूनच ठरवा.