मॅथेमॅटिका या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या सगळ्या फंक्शनना होल्डऑल, म्हणजे आर्ग्युमेंट आधी न सोडवता जसंच्या तसं आत पाठवणारं ॲट्रिब्यूट, लावून टाकू का?

नको. लिस्टची व्हॅल्यू न जाता नाव आत जायला हवं, एवढीच तुझी अडचण दिसतेय, तर त्या एका फंक्शनला होल्डफर्स्ट (फक्त पहिलं आर्ग्युमेंट होल्ड करणारं) लाव, लिस्ट पहिला आर्ग्युमेंट ठेव, लिस्टच्या शेवटी भर घालणाऱ्या अपेंडटूची कटकट बंद होईल. ॲट्रिब्यूट डेफिनिशनच्या आधी सेट कर.

पण ते "सगळ्या" वाचून डोकं सटकलं माझं. आमच्याकडे एक सीनिअर होते, मॅथेमॅटिका त्यांनाच कळतं असा एकूण थाट, त्यांनी अख्ख्या पॅकेजला होल्डऑल फासलं होतं, म्हणे कधी काय इव्हॅल्युएट करायचं ते आपण ठरवायचं. ऐकायला भारी. पण होल्ड केलेलं एक्स्प्रेशन फंक्शनच्या बॉडीत जिथे जिथे पॅरामीटर एक्स आहे तिथे तिथे जसंच्या तसं जाऊन बसतं, एक्स तीनदा असला की तेच जडशीळ इंटिग्रल तीनदा सुटतं. रन संपेना, तर साहेब म्हणाले मशीन जुनं आहे! मग मी सगळ्यांसमोर एका ओळीचं फंक्शन लिहिलं, एक्स वजा एक्स, होल्डऑल लावलं आणि आत रँडमरिअल (दर वेळी नवा रँडम आकडा देणारं) दिलं. उत्तर शून्य नाही, कारण दोन्हीकडे वेगळा आकडा. यावर म्हणे, "पण रँडम देतंय कोण?" अहो, त्याच पॅकेजमध्ये एक्स अंडरस्कोर इंटिजर असा, फक्त पूर्णांक घेणारा पॅटर्न होता, त्याला 2+3 दिलं तरी मॅच होत नव्हतं, कारण आत 5 पोचतच नाही, प्लस पोचतं. मग उपाय काय, तर प्रत्येक कॉलमध्ये इव्हॅल्युएट (होल्ड असूनही आर्ग्युमेंट आधी सोडवायला लावणारं) लिहा. दार स्वतःच लावायचं आणि मग येणाऱ्याजाणाऱ्याला किल्ल्या वाटत बसायचं.

इव्हॅल्युएट वाईट नाही हं. प्लॉट मुळातच होल्डऑल आहे, त्यात थेट डेरिव्हेटिव्ह लिहिलं तर एक्सच्या जागी आकडा जातो आणि हा व्हेरिएबल नाही म्हणून बोंब मारतो, तिथे तो लागतोच. फक्त थेट आर्ग्युमेंटवर लावायचा, आत कुठेतरी खोल लपवला तर काही होत नाही. आणि एनइंटिग्रेट, फाइंडरूट या आकड्यांत उत्तर काढणाऱ्या फंक्शनमध्ये तुझ्या फंक्शनला आकड्याऐवजी नुसता एक्स मिळत असेल तर होल्डला हातच लावू नकोस, पॅटर्नला न्यूमेरिकक्यू (आकडाच आलाय का ते तपासणारं) लाव.

स्वतःचं इफ किंवा लूपसारखं काही लिहिणार असशील तर मात्र होल्ड हवंच, तेवढं साहेबांना दिलं. आणि हे सगळं मॅथेमॅटिकापुरतं. मेपल या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये इव्हॅल्युएशन थांबवायला सिंगल कोट्स आहेत, पॅरामीटरला अनइव्हॅल लावता येतं, पण तिथेही दिसेल त्याला कोट्स मारत सुटू नकोस.