बसवलेल्या किडनीची सोनोग्राफी : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझ्या यजमानांना सासूबाईंची किडनी बसवून पाच आठवडे झाले. परवाच्या डॉपलर रिपोर्टमध्ये ‘आरआय ०.८२, वाढलेला’ असं लिहिलं आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.३ वर स्थिर आहे, लघवीही व्यवस्थित होते. शरीर किडनी नाकारू लागलं आहे का? (सोलापूर)

उत्तर : एकट्या ०.८२ वरून तसं म्हणता येणार नाही. आरआय म्हणजे रेझिस्टिव्ह इंडेक्स, किडनीतल्या रक्तप्रवाहाला होणाऱ्या अवरोधाचा आकडा. तो येतो कसा, ते बघा. किडनीच्या आतल्या धमनीत ठोक्यासरशी रक्ताचा वेग जास्तीत जास्त किती होतो आणि दोन ठोक्यांच्या मधे कमीत कमी किती उरतो, हे डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मोजतो. जास्तीतून कमी वजा करून बाकीला जास्तीनेच भागायचं. जास्तीत जास्त वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर आणि उरलेला ९ असेल, तर आरआय ०.८२. त्या ९ च्या जागी १२ मोजला गेला असता, तर तोच आरआय ०.७६ झाला असता आणि रिपोर्टमध्ये ‘वाढलेला’ हा शब्द आला नसता. साधारण ०.८ च्या आतला आकडा नेहमीचा समजतात, पण ती काही लक्ष्मणरेषा नव्हे.

मोजताना आकडा हमखास फुगतो तो प्रोबच्या, म्हणजे कातडीवर टेकवायच्या उपकरणाच्या, दाबाने. बसवलेली किडनी ओटीपोटाच्या बाजूला, कातडीखाली जवळच असते. प्रोब जोरात दाबला की ती चेपते, दोन ठोक्यांमधला प्रवाह घटतो आणि आरआय चढतो. पेशंटने श्वास रोखून कुंथल्यासारखं केलं तरी तेच होतं. नाडी फार मंद असेल तरीही आकडा वर जातो. म्हणून हात हलका ठेवून किडनीचा वरचा, मधला आणि खालचा भाग अशा तीन ठिकाणी मोजून सरासरी काढायची असते. रिपोर्टमध्ये एकच आकडा असेल, तर तो कुठला हे अवश्य विचारा.

मोजणी चोख असली तरी वाढलेला आरआय कारण सांगत नाही. शरीराने किडनी नाकारणं, शस्त्रक्रियेच्या काळात रक्ताविना किडनीला झालेली इजा, टॅक्रोलिमस या किडनी नाकारू न देणाऱ्या औषधाची रक्तातली जास्त पातळी, लघवीच्या वाटेतला अडथळा, बाहेरून साठलेल्या पाण्याचा दाब, या सगळ्यांत तो वाढू शकतो. ज्याला किडनी बसवली त्याचं वय जास्त असेल, धमन्या कडक झाल्या असतील, तरीही वाढतो. त्यामुळे तुलना करायची ती त्याच पेशंटच्या पहिल्या रिपोर्टशी. तो शस्त्रक्रियेनंतर २४ ते ४८ तासांत केलेला असतो. तेव्हा ०.८० होता आणि आज ०.८२ आहे, तर त्यात नवीन काही नाही. तेव्हा ०.६५ असेल, तर मात्र टॅक्रोलिमसची पातळी आणि क्रिएटिनिन लवकर तपासून नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा.

नाकारण्याचं निदान बायोप्सीनेच, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच, पक्कं होतं. तिथे सोनोग्राफीचं काम सुईला वाट दाखवण्याचं. १६ किंवा १८ गेजची सुई किडनीच्या टोकाकडच्या बाहेरच्या थरातून जावी, मधल्या मोठ्या रक्तवाहिन्यांकडे वळू नये, हे पडद्यावर बघत करतात. बायोप्सीनंतर कधी धमनी आणि शीर यांच्यात आडवाट तयार होते. रंगीत डॉपलरवर ती झगझगीत ठिपक्यासारखी दिसते. बहुतेक वेळा आपोआप बुजते, पण लघवीत लाल रक्त येत राहिलं तर दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : दीड महिन्याने किडनीशेजारी ६ × ४ सेंटिमीटर पाणी दिसलं आहे. काढून टाकावं का? (चिपळूण)

उत्तर : कालावधी पाहता ही बहुधा लसिकेची (लसिकावाहिन्यांतून वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाची) साठवण, म्हणजे लिम्फोसील असावी. मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या करताना त्यांच्या भोवतीच्या बारीक लसिकावाहिन्या कापल्या जातात आणि तिथून हळूहळू पाझर होतो. रक्त साठायचं तर ते पहिल्या दिवसांत, लघवी गळायची तर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत.

पाणी कशाचं आहे हे नुसत्या चित्रावरून ठरवू नये. शंका असेल तर सुईने थोडं काढून त्यातलं क्रिएटिनिन रक्ताशी ताडून बघतात. रक्ताइतकंच असेल तर लसिका, कैक पटींनी जास्त असेल तर लघवी. ताप असेल तर कल्चर (जंतू आहेत का याची तपासणी) लागतंच.

लिम्फोसील त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. त्याच बाजूचा पाय सुजला, सारखी लघवी लागू लागली, क्रिएटिनिन चढलं किंवा मूत्रवाहिनी दबून किडनी फुगली, तर उपाय हवा. एकदा सुईने उपसलं की ते अनेकदा पुन्हा भरतं. त्यामुळे काही दिवस नळी ठेवणं किंवा दुर्बिणीतून पोटाच्या पोकळीत वाट करून देणं, हे पर्याय असतात.

प्रश्न : ‘किडनीला सौम्य सूज, लघवी अडकल्याची शक्यता’ असा रिपोर्ट आला. दुखत मात्र काहीच नाही. (पुणे)

उत्तर : दुखत नाही यावर विसंबू नका. काढताना किडनीच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे लघवी अडकली तरी मुतखड्यासारखी कळ येत नाही. आधी लघवी करून या आणि लगेच पुन्हा बघायला सांगा. मूत्राशय तुडुंब असताना बसवलेली किडनी थोडी फुगलेली दिसतेच. आत डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी) असेल तर लघवी उलटी चढूनही तसं दिसतं. मूत्राशय रिकामं करूनही फुगवटा तसाच राहिला आणि क्रिएटिनिन वाढत असेल, तर अडथळा शोधायला हवा. तो बहुधा मूत्रवाहिनीच्या मूत्राशयाकडच्या टोकाला असतो, कारण त्या टोकाला रक्त सर्वांत कमी पोहोचतं. स्टेंट काढल्यावरच्या काही आठवड्यांत हे तपासणं फार महत्त्वाचं.

प्रश्न : नऊ महिने झाले, तीन गोळ्या घेऊनही बीपी १७० च्या खाली येत नाही. डॉपलरमध्ये किडनीच्या धमनीत वेग ३२० आला. (नाशिक)

उत्तर : इथे धमनी अरुंद झाल्याचा संशय रास्त आहे. सेकंदाला २०० ते ३०० सेंटिमीटरच्या पलीकडचा वेग संशयास्पद मानतात. नेमकी सीमा प्रत्येक केंद्राची वेगळी असते. पण नुसता वेग पुरेसा नाही. पायाकडे जाणाऱ्या शेजारच्या इलियाक धमनीतल्या वेगाशी त्याचं गुणोत्तर आणि किडनीच्या आतली लहर, दोन्ही रिपोर्टमध्ये हवीत. अरुंद जागेच्या पुढे ही लहर सावकाश चढते आणि बुटकी राहते. ही धमनी वळणदार असते. डॉपलरचा कोन (ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला) ६० अंशांच्या वर गेला की वेग खोटा जास्त येतो, म्हणून अनुभवी हाताने पुन्हा मोजून घ्या. शंका राहिली तर पुढे अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत औषध सोडून तिचं चित्र घेणं. त्यात अरुंदपणा खरा निघाला, तर फुग्याने किंवा स्टेंटने तिथेच उपचार होऊ शकतो. बीपीच्या काही गोळ्यांनी अशा वेळी क्रिएटिनिन चढतं, त्यामुळे डोस स्वतःहून वाढवू नका.

प्रश्न : पहिल्या दिवसांत इतक्या वेळा सोनोग्राफी का? (पणजी)

उत्तर : किडनीची शीर किंवा धमनी गुठळीने बंद झाली, तर हाताशी काही तासच असतात. शीर बंद झाली की दोन ठोक्यांमधलं रक्त धमनीत उलटं वाहताना दिसतं आणि शिरेत प्रवाह सापडत नाही. धमनी बंद असेल तर आत रंगच भरत नाही. लघवी एकाएकी थांबली, किडनीच्या जागी दुखून फुगलं, तर रात्री दोन वाजले असले तरी वॉर्डातच डॉपलर करून घ्यावा.

प्रश्न : तपासणीला उपाशीपोटी जायचं का? (ठाणे)

उत्तर : फक्त बसवलेली किडनी बघायची असेल तर नाही. गोळ्या वेळेवर घ्या. मात्र ज्या दिवशी टॅक्रोलिमसची पातळी तपासायची आहे, त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर. वर्षाकाठी एकदा तरी जुन्या दोन्ही किडन्याही बघायला सांगा. अनेक वर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या जुन्या किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात, त्यांत कर्करोगही होऊ शकतो. ‘ट्रान्सप्लांटची सोनोग्राफी’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर त्या तपासायच्या राहून जातात.