घरात दोन मांजरं असताना मे महिन्यात तीन आठवड्यांची अनाथ पिल्लं सांभाळायला आणावीत का?

आणा, पण आधी घरच्या दोघांच्या लसी तपासा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराची लस राहिली असेल, तर ती होईपर्यंत पिल्लं देणाऱ्या प्राणीमित्रांच्या गटाला होकार देऊ नका. रस्त्यावरचं पिल्लू वरून ठणठणीत दिसलं तरी हा आजार घेऊन येऊ शकतं, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो.

म्हणून पहिले दोन आठवडे पिल्लांची खोली वेगळी. नुसतं दार लावून भागत नाही. घरचं मांजर दाराशी आडवं पडून फटीतून खांद्यापर्यंत पंजा आत घालतं, आतलं पिल्लू त्या पंजाला चापट्या मारतं, आणि हा खेळ तासभर रंगतो. बघायला फार गोड, पण संसर्ग नेमका असाच पलीकडे जातो. जुनी चादर गुंडाळून फटीत घट्ट बसवा. त्या खोलीतले कपडे, चपला वेगळ्या ठेवा आणि बाहेर येताना साबणाने हात धुवा.

फरशीला फिनाइल किंवा डेटॉल नको. मांजर पंजे चाटतं आणि फिनॉलच्या जातीची रसायनं त्याच्या यकृताला झेपत नाहीत. आधी साबणाने घाण काढा, मग 1 भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी लावून 10 मिनिटं ओलं राहू द्या, शेवटी साध्या पाण्याने पुसून वाळवा.

आता कूलर. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोली तापते म्हणून लोक झोत थेट खोक्यावर सोडतात आणि तिथेच घात होतो. या वयात अंगाची ऊब टिकवणं पिल्लाला नीट जमत नाही. ओल्या वाऱ्यात रात्र काढली की पहाटे ते थंडगार लागतं. अशा पिल्लाला लगेच दूध पाजू नका, ते पचत नाही. आधी छातीशी धरून हळूहळू ऊब द्या. झोत समोरच्या भिंतीकडे वळवा, खिडकी उघडी ठेवा, आणि खोक्याजवळ थर्मामीटर लावून 27-28 अंश राखा. खोक्याच्या अर्ध्या भागातच गोधडी घाला, म्हणजे पिल्लू आपली जागा आपण शोधतं.

गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूधपावडर आणा. दर चार तासांनी साधारण 12 ते 15 मिली, पोटावर ठेवूनच. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खालची बाजू पुसा, म्हणजे शी-शू होते. ट्रेमध्ये चाळलेली रेती चालेल. गोळे धरणारं लिटर नको, पिल्लं ते खातात.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन घ्या. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी. एक दिवस जरी वजन अडलं किंवा जुलाब लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नागपुरात असाल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

दोन आठवडे असे निर्धास्त गेले की मगच फटीतली चादर काढा. ओळख त्या पंजांपासूनच सुरू होऊ द्या.