लॅब्राडॉर मादीचं मेटिंग तिच्याच आजोबाशी करावं का? दोघांच्या डीएनए टेस्ट क्लिअर असतील तर काय हरकत आहे?

करू नका.

खरं तर इथेच थांबायला हवं. पण तुम्ही लिहिलंय, "ब्रीडर म्हणतो लाइन ब्रीडिंगने (म्हणजे एकाच घराण्यातल्या जोड्या लावून) क्वालिटी पक्की होते", आणि हे वाक्य मी जसंच्या तसं 2014 साली ऐकलंय. त्या वाक्याचा परिणाम आत्ता माझ्या खुर्चीखाली घोरतोय.

आम्ही कोल्हापूरचे. माझा थोरला मावसभाऊ, त्याला मी दादाच म्हणतो, आमच्याकडचा लॅब्राडॉरमधला जाणता माणूस. पिल्लू दीड महिन्याचं असताना हातात घेऊन ते पुढे कसं उभं राहील हे सांगतो, आणि शंभरात नव्वद वेळा बरोबर येतं. त्याचा सुलतान म्हणजे काळा कुळकुळीत, रुंद डोक्याचा, पाणमांजरासारख्या जाड शेपटीचा. माझी राणी त्या सुलतानच्या मुलीची मुलगी. ती तिसऱ्यांदा हीटवर आली तेव्हा मी पुण्याचा एक नर बघून ठेवला होता. दादा म्हणाला, "बाहेर कशाला हिंडतोयस? सुलतानलाच लावू. तेच डोकं परत मिळंल."

मी म्हटलं, "दादा, तो आजोबा लागतो तिचा."

"मग? आपल्यात मामाच्या पोरीशी लग्न हुतंच की. पोरं वेडी झाली का?"

आता इथे मी काय बोलणार? वहिनी आमच्या सख्ख्या मामाचीच मुलगी. लहानपणी मी तिला ताई म्हणायचो, लग्नानंतर वहिनी म्हणायला लागलो. ती तिथेच चहा गाळत होती. मी गप्प बसलो.

तेव्हा बोललो नाही ते आता बोलतो. सीओआय म्हणजे एखाद्या जीनच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर मुलांचा तो निघतो 6.25 टक्के. आजोबा-नातीच्या पिल्लांचा 12.5 टक्के, म्हणजे सरळ दुप्पट. बाप-लेक किंवा सख्खे भाऊ-बहीण असतील तर 25. हे काही कालच्या पोरांचं फॅड नाही, स्यूअल राइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा हिशोब 1922 मध्ये मांडून ठेवलाय. कुठलाही एक जीन घ्या, त्याच्या दोन्ही प्रती आजोबाच्या एकाच प्रतीच्या नकला असण्याची शक्यता आठात एक. तीही बाकीचं घराणं पूर्ण परकं आहे असं धरून. आपल्याकडच्या वंशावळीच्या पेपर्समध्ये तीच चार नावं फिरून फिरून येतात, तेव्हा खरा आकडा याहून जास्तच असणार.

आठ पिल्लं झाली. एक पहिल्याच रात्री गेलं. उरलेली सात बघायला लोक गल्लीत गाड्या लावून यायचे, इतकी देखणी. मेटिंगचं पिल्लू, म्हणजे नराच्या फीऐवजी द्यायचं पिल्लू, म्हणून दादाने पहिली निवड केली, त्याचं नाव युवराज. बंड्याला मी ठेवलं. पाच विकली.

2019 च्या पावसाळ्यात इचलकरंजीहून एका पिल्लाच्या मालकाचा फोन आला. "दिवसा ठणठणीत असतो हो, पण रात्री लाइट गेली की जिन्याच्या तोंडाशी उभा राहून रडतो." मी म्हटलं, विजेला घाबरत असेल. फोन ठेवला आणि बंड्याकडे नीट बघायला लागलो. गेले काही महिने संध्याकाळी परत येताना तो माझ्या पायाला चिकटून चालायचा. मी त्याला माया समजत होतो. मग एका रात्री मी स्कूटर नेहमीची जागा सोडून दारासमोर लावली. तो बाहेर पळत आला आणि सरळ तिच्यावर आदळला. थांबलासुद्धा नाही.

डोळ्यांच्या पशुवैद्यांनी बघितलं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, मागच्या पडद्याची चमक नको तेवढी वाढलेली. पीआरए नावाचा आनुवंशिक आजार. पडदा हळूहळू मरत जातो, आधी अंधारातलं दिसणं जातं, मग उजेडातलं. औषध नाही. गालाच्या आतून स्वॅब घेऊन पाठवला, राणीचाही पाठवला. बंड्या अफेक्टेड, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती खराब; राणी कॅरियर, म्हणजे एकच खराब, तिला स्वतःला त्रास नाही. पीआरसीडी नावाच्या जीनमधला हा दोष 2006 साली शोधलेला होता. म्हणजे आम्ही चहा पीत मेटिंग ठरवत होतो तेव्हा टेस्ट येऊन आठ वर्षं झाली होती. दोन स्वॅबचं काम होतं. पाचही घरांना मी स्वतः फोन केले, तो आठवडा सांगत बसत नाही.

दादाचं म्हणणं, "दोष तुझ्या मादीचा." अहो, दोन्हीकडून एकेक खराब प्रत आल्याशिवाय पिल्लू आंधळं होतच नाही. राणीने एक दिली, दुसरी कुणी दिली? सुलतानला शेवटपर्यंत लख्ख दिसत होतं, म्हणजे तो कॅरियर होता. तो तोवर गेला होता, पण त्याच्या टेस्टची गरजच नव्हती, बंड्या हाच त्याचा रिपोर्ट. राणीची आई एका मित्राकडे होती, तिचा स्वॅब केला तर तीही कॅरियर. सुलतानकडून मुलीकडे, मुलीकडून राणीकडे, आणि राणीवर पुन्हा सुलतान. ज्या पाहुण्याला एकदा दारातून आत घेतलं त्यालाच खिडकीतून परत घेतला.

आणि युवराज? त्यालाही कमी दिसायला लागलं. दादाने त्याला 'मोतीबिंदू' ठरवलं. डोळ्यात पांढरं दिसतं हे खरं, पण पीआरएमध्ये मागाहून मोतीबिंदू बऱ्याचदा धरतो. मोतीबिंदू काढायचा तरी आधी ईआरजी, म्हणजे पडद्याची विद्युत तपासणी, करून तो जिवंत आहे का ते बघतात. दादाने ना ईआरजी केली, ना ऑपरेशन, ना स्वॅब.

आता तुमच्या टेस्टचं. "क्लिअर आहे" म्हणजे कशाची क्लिअर? रिपोर्टवर आजाराचं नाव असतं, ते वाचा. लॅब्राडॉरमध्ये पीआरसीडी आणि ईआयसी या दोन तरी हव्यातच. ईआयसीचं कुत्रं दहा-पंधरा मिनिटं जोरात पळालं की मागच्या पायांतून कोसळतं, आणि आपल्याकडे ते मे महिन्यात झालं की लोक ऊन लागलं म्हणून मोकळे होतात. कमरेच्या सांध्याचा प्रश्न स्वॅबमध्ये येतच नाही. त्यात अनेक जीन आणि खाणंपिणं, वजन सगळं मिसळलेलं असतं. तो एक्स-रेनेच कळतो. टेस्ट फक्त ज्या दोषांचा पत्ता लागलाय तेवढ्यांबद्दल बोलते. जे दोष अजून सापडलेलेच नाहीत त्यांच्यावर ते 12.5 टक्के लागू आहेतच. म्हणून 'क्लिअर आहे, मग आजोबाशी करू' हे मला पटत नाही.

एका घराण्यात कोंडून घेतलं की काय होतं त्याला डाल्मेशियन बघा. त्या जातीत युरिक ॲसिडचा दोष इतका पक्का बसला की साधी प्रत कुणाकडे उरलीच नाही. टेस्ट करून निवडणार कुणाला? 1973 मध्ये रॉबर्ट शाइबल या जनुकशास्त्रज्ञाने पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी एकच क्रॉस केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच. ठिपके तसेच राहिले, दोष गेला. तरी जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने त्या कुत्र्यांना दारात घ्यायला 2011 उजाडलं. शुद्ध रक्ताचा अभिमान म्हणतात तो हा.

दादाला इंग्लंडचं फार कौतुक. म्हणून मी त्याला सांगितलं की तिथल्या केनेल क्लबने 2009 पासून बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्ख्या भावंडांची पिल्लं नोंदवणं बंद केलंय. तो म्हणाला, "आजोबा-नात कुठाय त्यात?" नाहीये. तिथे तो जिंकला.

माझीही एक चूक सांगतो. राणीनंतर मी इतका घाबरलो की पुढची मादी कॅरियर निघाल्यावर महिन्याभरात तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकलं. काय मादी होती! एक्स-रे उत्तम, स्वभाव लोण्यासारखा. क्लिअर नराशी लावली असती तर एकही पिल्लू आंधळं झालं नसतं आणि साधारण निम्मी पूर्ण क्लिअर निघाली असती. सगळ्यांनी असे कॅरियर काढून टाकायला सुरुवात केली तर मूठभर 'क्लिअर' नरच उरतील, आणि मग त्यांच्यातलं काहीतरी दुसरं वर येईल. तेव्हा कॅरियर म्हटल्यावर घाबरू नका, फक्त जोडीदार त्याच दोषाचा क्लिअर निवडा.

लाइन ब्रीडिंग हे पापच आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याच जाती तशाच तयार झाल्या. जुन्या पिढीतला एखादा पूर्वज दोन्हीकडे आला तर मीही चालवून घेतो. मी पशुवैद्य नाही, तुमचे पेपर पाहिलेले नाहीत, तेव्हा दोन्ही कुत्र्यांचे पूर्ण रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. आणि पीआरएचे प्रकार एकाहून जास्त आहेत, म्हणून एक टेस्ट क्लिअर असली तरी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. तुमच्या ब्रीडरने मेटिंगचं पिल्लू मागितलं असेल तर नको म्हणा, फी रोख द्या. पहिली निवड करून नेणारा माणूस पुढे दोषाच्या वेळी मात्र मादीकडे बोट दाखवतो.

हे उत्तर वहिनी दादाला वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. दादा, युवराज अकराचा झालाय, अजून वेळ आहे. स्वॅब मी येऊन घेतो, पैसे माझे.