‘ट्रॉमा’ला काय म्हणावं? आघात, सल, धसका आणि ‘गुदरलं’

प्रश्न असा आहे : एका मध्यवर्ती कारागृहात बंद्यांसाठी ट्रॉमावरची ग्रुप थेरपी सुरू होते आहे आणि तिची दोन पानी माहितीपत्रिका मराठीत करायची आहे. ट्रॉमासाठी ‘मानसिक आघात’ लिहिलं, तर कच्चा खर्डा वाचून एक बंदी म्हणाला, ‘मला मानसिक काही नाही, साहेब.’ दुसरा शब्द आहे का?

त्या माणसाचं बरोबर आहे. ‘मानसिक’ हा शब्द बहुतेकांच्या कानावर ‘मानसिक रुग्ण’ या जोडीनेच पडलेला असतो. बराकीत शंभर जणांसोबत राहणाऱ्याला असा शिक्का परवडत नाही. तो शब्द आधी काढा. ‘मनावरचा’ म्हटलं की काम भागतं.

आता ‘आघात’. मूळ ग्रीक ‘ट्रॉमा’चा अर्थ जखम. महामार्गावरच्या ‘ट्रॉमा केअर सेंटर’च्या पाटीवर तो त्याच अर्थाने असतो, म्हणून शब्द जसाच्या तसा ठेवला तर पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अपघातच येईल. आघात म्हणजे मात्र जखम नव्हे, जखम करणारा फटका. घात, अपघात, विश्वासघात, पक्षाघात ही सगळी त्याच धातूची भावंडं. तबल्यावरही आघातच होतो. तो क्षणात होऊन जातो, आणि वर्षानुवर्षं मागे उरतं ते वेगळंच काही. समूहात बसून ज्याच्याशी झटायचं असतं, ते हे मागे उरलेलं.

उरलेल्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘वण’ घ्या. संस्कृतातला व्रण म्हणजे जखम. मराठीत वण झाला तो जखम भरून आल्यावरची खूण. पण इथे जखम भरलेलीच नाही, म्हणून तो बाजूला ठेवू. ‘सल’ मला फार जवळचा. तो शल्यापासून आलेला : अंगात रुतून बसलेलं बाणाचं टोक, मोडलेला काटा. शल्यचिकित्सेतलं शल्य तेच. चित्र इतकं नेमकं की मोह होतो. पण आजच्या बोलण्यात ‘आईच्या शेवटच्या दिवसांत जाता आलं नाही, हा सल राहिला’ असं आपण म्हणतो. त्यात हळहळ आहे, भय नाही.

भयासाठी ‘धसका’ आहे. दार आपटलं तरी दचकणं, झोपेतून ओरडत उठणं, पाठ भिंतीला लावूनच बसणं : अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली ‘पीटीएसडी’ (आघातानंतर मागे राहणारा तणावविकार) या नावाखाली जी लक्षणं एकत्र आली, त्यांतली बरीचशी आपल्या आज्यांनी ‘धसका’ या एका शब्दात ओळखली असती. फक्त त्यापुढचं क्रियापद जपून निवडा. ‘धसका घेतला’ म्हटलं की जणू त्या माणसानेच तो घेतला, घेतला नसता तर बरं झालं असतं, असा सूर लागतो. ‘धसका बसला’ लिहा.

तरीही शीर्षकासाठी मी ‘आघात’ पुरता सोडणार नाही, आणि त्याचं कारण कारागृह हेच आहे. आघात ‘होतो’ आणि आघात ‘केला’ही जातो, नाम एकच राहतं. या समूहात बसलेल्या कित्येकांच्या आयुष्यात दोन्ही आहेत : लहानपणी बापाचा मार खाल्लेला आणि पुढे कुणाच्या डोक्यात काठी घातलेला माणूस एकच. ‘पीडित’ लिहिलंत तर त्याचं अर्धंच आयुष्य पत्रिकेत येईल. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शाटान या मनोविकारतज्ज्ञांसोबत गटागटाने बोलायला बसू लागले, तेव्हा तिथेही हेच होतं. त्यांनी जे सोसलं आणि त्यांच्या हातून जे घडलं, ते एकाच बोलण्यात बाहेर येई.

पण मजकुरात, म्हणजे माणसाला थेट विचारताना, ‘आघात’ जड होतो. या उपचारात इंग्रजीतून एक प्रश्न सर्वत्र फिरतो : तुझ्यात काय बिघाड आहे असं न विचारता, तुझ्या आयुष्यात काय घडलं ते विचारा. त्याचं मराठी ‘तुला काय झालंय?’ असं केलंत तर उलटंच होईल, कारण आपल्याकडे ते आजाऱ्याला विचारतात, नाहीतर दटावताना म्हणतात. ‘तुझ्यासोबत काय घडलं?’ हे हिंदी वळण. माझ्या मते इथला शब्द आहे ‘गुदरणे’. ‘तुमच्यावर काय काय गुदरलं?’ हे क्रियापद फारसीतून आलं. ‘बाका प्रसंग गुदरला’ म्हणताना आपण ते वाईट प्रसंगासाठीच वापरतो, आणि त्यात कर्ता शोधावा लागत नाही, दोष कुणावर जात नाही. हिंदी बोलणाऱ्या बंद्यालाही ‘मुझ पर क्या गुज़री’मुळे ते चटकन कळेल. कोर्टाच्या जुन्या मराठीत ‘फिर्याद गुदरणे’ म्हणजे दाखल करणे, हे खरं. पण शेजारी फिर्याद नसेल तर तो अर्थ डोकं वर काढत नाही.

आता ‘ग्रुप थेरपी’. तुम्ही ‘गटोपचार’ आणि ‘सत्र’ लिहिलं आहे. दोन्ही बदला. कारागृहातला ‘गट’ आपण वाचतो तो ‘दोन गटांत हाणामारी’ या बातमीत. आणि ज्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली, त्याला ‘पहिल्या सत्राला या’ म्हणू नये. ‘समूह’ आणि ‘बैठक’ हे साधे शब्द आहेत. या उपचाराचं नावच तुरुंगाजवळ घडलं, हेही इथे सांगावंसं वाटतं : मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३२च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांचा अभ्यास केला, कैद्यांचे समूह एकमेकांना उपकारक ठरतील असे पाडावेत अशी मांडणी केली, आणि त्याच काळात ‘ग्रुप सायकोथेरपी’ ही संज्ञा पुढे आणली.

‘सुरक्षा’ हा शब्दही तपासा. आत सुरक्षा म्हणजे पहारा, अंडा सेल. तुम्हाला अभिप्रेत आहे ते ‘निर्धास्त’. ‘बिनधास्त’ त्याचाच भाऊ, पण तो बेफिकिरीकडे गेला. ‘जबाब’ आणि ‘कबुली’ हे शब्द पत्रिकेत कुठेच येऊ देऊ नका, कच्च्या कैद्यांसाठी तर नाहीच.

आणि ‘आघाताची उजळणी’ हे उपशीर्षक कृपा करून काढा. मराठीत आपण खपली काढू नये म्हणतो ते उगाच नाही. मानसशास्त्रज्ञ लिसा नाजाविट्स यांचा ‘सीकिंग सेफ्टी’ हा आघात आणि व्यसन यांवरचा उपचार-कार्यक्रम अमेरिकेतल्या स्त्री-कैद्यांमध्येही वापरला गेला आहे. त्याचे २५ विषय आहेत, आणि मागचं तपशिलाने सांगायला लावणं त्याच्या रचनेतच नाही. आज, आत्ता स्वतःला कसं सावरायचं, यावर भर आहे.

पत्रिकेची सुरुवात मी अशी करीन :

‘आपल्यावर काही प्रसंग गुदरले असतील. काहींचा धसका अजून मनात बसलेला असेल. दर आठवड्याला आपण काही जण गोल बसून, तो धसका पुन्हा जागा झाला की स्वतःला कसं सावरायचं, हे शिकणार आहोत. काय घडलं ते सांगायलाच हवं असं नाही. नुसतं येऊन बसलात तरी चालेल. बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहील असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे. त्याला मर्यादा कुठे आहे, तेही पहिल्याच दिवशी सांगू.’