पहिलं सत्र संपवताना

मॅडम, अभ्यासक्रम शेवटच्या तासापर्यंत ताणू नका. नवे शिक्षक हमखास इथेच चुकतात: शेवटचं प्रकरण घाईत उरकतं आणि उजळणी राहूनच जाते. तीन-चार तास मोकळे ठेवा. त्यातल्या एकात जुन्या प्रश्नपत्रिकेतला एकच मोठा प्रश्न द्या, मुलांना वीस मिनिटं लिहू द्या, मग गुण नेमके कुठे जातात ते फळ्यावर दाखवा. याचा उपयोग नोट्सपेक्षा जास्त होतो.

- अंतर्गत गुण विद्यापीठाकडे पाठवण्याआधी वर्गात दाखवून सह्या घ्या. बेरजेच्या चुका तिथेच सापडतात. नंतरची दुरुस्ती किचकट.
- जर्नल दर आठवड्याला थोडी थोडी तपासा.
- जादा तास संध्याकाळी नको. सिन्नर-दिंडोरीच्या मुलांना एसटी गाठायची असते.

शेवटच्या तासाला बिननावी चिठ्ठ्या घ्या: ‘काय समजलं नाही?’ बाकी अभिप्रायाचे फॉर्म पुढच्या वर्षी बघू.